दोनशे छप्पन्न खण आणि चार फलाट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले सरपंच माननीय व्यंकटराव, व्यासपीठावर बसलेले आगार व्यवस्थापक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे या मे महिन्याच्या उन्हात जमलो ते सत्कारमूर्ती जनाब खाजा मिया, उजव्या बाजूला बसलेल्या माता-भगिनी, चालक आणि वाहक बंधू, फाट्यावरचे दुकानदार, आणि सोसायटीच्या या गोदामात जागा न मिळाल्यामुळे खिडकीच्या गजांना धरून उभे असलेले तमाम प्रवासी मित्रहो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'आपल्या मातीतला थोर शास्त्रज्ञ' असं म्हटलं. त्यांचा लोभ आहे, पण ते खरं नाही. माझं नाव सोनाजी जळबा पाईकराव. माझं गाव इथून कोसभर. वडील सडकेच्या कामावर खडी फोडायला होते, त्यामुळे आज तुम्ही ज्या सडकेवरून आलात तिच्याखाली आमच्या घरचा थोडा घाम आहे. मी हैदराबादेत एका गणनकेंद्रात नोकरी करतो. तिथं एक काँप्युटर आहे. त्या काँप्युटरची स्मरणशक्ती नीट वापरली जाते की नाही, तेवढं बघायचं माझं काम.

व्यंकटरावांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मला पुरणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. जेवण थंड होईल म्हणून स्वयंपाकघरातून कुणी खुणा केल्या तर मी त्या पाहणार नाही.

मला आज दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक उपकाराची आहे. निरोप समारंभात ती सगळेच बोलतात, मीही बोलेन. दुसरी कबुलीची आहे. ती गेली अडीच वर्षं माझ्या छातीवर बसून आहे. आज सकाळी मी खाजाचाचांच्या घरी गेलो आणि ती त्यांना सांगितली. त्यांच्या मागे ती तुम्हाला सांगितली असती तर मी माणूस राहिलो नसतो. आता जे बोलतो आहे ते त्यांच्या परवानगीनं बोलतो आहे. तेव्हा मधेच कुणी मला खाली बसवू नये, ही विनंती.

मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. दर सोमवारी पहाटे गावाहून चालत फाट्यावर यायचं आणि इथून नांदेडची गाडी धरायची. तेव्हा फाट्यावर आजच्यासारखं पत्र्याचं शेड नव्हतं. चुन्यानं आखलेले चार पट्टे होते, त्यांना फलाट म्हणायचं. एक बाक. एक टेबल. टेबलामागे कानावर पेन्सिल खोवलेले वाहतूक नियंत्रक खाजा मिया. नांदेडची गाडी, हिंगोलीची गाडी, वसमतची, कळमनुरीची, आणि बाजाराच्या दिवशी कुठून कुठून उगवणाऱ्या जादा गाड्या. दिवसाला साठ-बासष्ट गाड्या आणि फलाट चार. कोणती आत घ्यायची, कोणती बाहेर सडकेवर थांबवायची, कोणाला दोन मिनिटांत हाकलायचं आणि कोणाला उभं राहू द्यायचं, हे सगळं त्या एका शिट्टीवर चालायचं. मी गणिताचा विद्यार्थी. मला वाटायचं यात काहीतरी सूत्र असणार. मी एकदा तसं विचारलंही. ते म्हणाले, "सूत्र कशाचं आलंय बाबा? जी गाडी लगेच लागणार न्हाई तिला भायेर काढायचं. आन जी आत्ता लागणार हाय, ती भायेर गेली तर माझी चूक."

मित्रहो, हेच वाक्य मी पुढं इंग्रजी पुस्तकात चाळीस पानं खर्चून लिहिलेलं वाचलं.

पण चाचांची दुसरी एक रीत होती, ती मात्र मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. दर तासाला ते टेबल सोडून उठायचे, बाकापाशी जायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "सबसे देर से कौन बैठा है?" किती गाड्या गेल्या हे ते विचारत नसत. सगळ्यात जास्त वेळ कोण बसलंय, एवढंच विचारायचे. जो हात वर करील त्याला पुढच्या गाडीत जागा. वाहकानं कुरकुर केली तरी जागा. इथं बसलेल्या वाहक मंडळींनी ती कुरकुर केलेली आहे, आता माना खाली घालू नका.

ही रीत कशी पडली ते त्यांनी मला सांगितलं होतं. एकदा भागूबाई नावाची एक म्हातारी वसमतला लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. तिची गाडी तीनदा आली आणि तीनदा भरून गेली. संध्याकाळी चाचांनी दिवसाचा अहवाल लिहिला, सगळ्या गाड्या वेळेवर, एकही खोळंबा नाही. शेरा मिळणार म्हणून खुशीत टेबल आवरायला लागले, तर बाकाच्या टोकाला ही बाई बसलेली. सकाळी सातपासून. त्यांनी विचारलं, बाई, बोलल्या काहून न्हाई? तर ती म्हणाली, "तुमी लई कामात व्हते बापा." चाचांनी सरकीचा एक ट्रक थांबवला, तिला चालकाशेजारी बसवलं, आणि घरी जाऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत. हे जेवणाचं मला चाचींनी सांगितलं होतं. मदीनाबी चाचींनी.

आता थोडं माझ्या यंत्राबद्दल. घाबरू नका, कठीण नाही. तुम्हाला चार फलाट समजतात, तर हेही समजेल.

काँप्युटरच्या पोटात स्मरणाचे खण असतात. आमच्या यंत्रात दोनशे छप्पन्न आहेत. एका खणात एक पान मावतं. यंत्राला ज्याच्यावर काम करायचं ते पान आधी खणात यावं लागतं. पण कामं करणारी गिऱ्हाइकं पाच, आणि त्यांची पानं हजारो. ती सारी बाहेर तबकड्यांवर पडलेली असतात. गंमत अशी की प्रत्येक गिऱ्हाइकाला यंत्र असं भासवतं की बाबा, हे सगळं यंत्र तुझ्या एकट्याचंच आहे. एका यंत्राची पाच भासमान यंत्रं. एका घरात पाच बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतं घर आपलं. हे सोंग टिकवायचं तर हवं ते पान हव्या त्या क्षणी आत आणावं लागतं, आणि जागा नसेल तर दुसरं कुठलं तरी बाहेर काढावं लागतं. कोणतं काढायचं? हाच माझा धंदा. नोकरीसाठी मला मुलाखतीत विचारलं की ही विद्या कुठं शिकलात? मी सांगितलं, वारंगा फाट्यावर. साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शहात्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या पाच गिऱ्हाइकांत एक फार मोठं होतं. एका धरणाचं गणित. पाणी किती येईल, किती सोडायचं, गाळ किती बसेल. त्याची पानं इतकी की बाकीच्यांना चिरडून ते सारखं आत-बाहेर करायचं. यंत्राचा निम्मा वेळ पानं हलवण्यात जायचा. एका गणिताला अकरा तास. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, पाईकराव, याचं काहीतरी करा. मी पंधरा दिवस बसलो. कागदावर मोजमापं मांडली. शेवटी ठरवलं की त्या मोठ्या गिऱ्हाइकाला एकशे सत्तर खण कायमचे राखून द्यायचे. त्याच्या पानांना कुणी हात लावायचा नाही. उरलेल्यातले चाळीसेक खण यंत्राच्या स्वतःच्या कामाला लागतात. राहिले ते बाकी चौघांनी आपसात वापरावेत.

लागू केलं त्या दिवशी चमत्कार झाला. अकरा तासांचं गणित चार तासांत. पानांची ये-जा दर सेकंदाला साठ होती, ती बावीसवर आली. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पेढे आले. खडी फोडणाऱ्याच्या पोरानं यंत्राला शिस्त लावली, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण मी स्वतःशी म्हटलं. अभिमान वाटला. आजही तो वाटला होता हे मी नाकारत नाही, नाकारलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

त्याच आठवड्यात खाजाचाचा हैदराबादला आले. चाचींना घेऊन. सोबत लेक होती.

चाचींना गिळताना त्रास होत होता. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हैदराबादला पाठवलं. गाठ होती, छातीच्या आत, अन्ननलिकेला. पाठीच्या मणक्याच्या अगदी जवळ. तिथल्या रुग्णालयात किरणांनी इलाज करतात. पण मणक्याजवळची गाठ म्हणजे किरणं कुठून, किती, कोणत्या कोनातून सोडायची याचं फार बारीक गणित. जरा इकडंतिकडं झालं तर माणूस पांगळा होतो. साध्या गाठींचं गणित तिथले लोक हातानं करायचे. असलं अवघड आमच्याकडं यायचं. त्या रुग्णालयाचं काम हे आमच्या पाच गिऱ्हाइकांतलं सगळ्यात छोटं गिऱ्हाईक. दिवसातून एकदा, एक तास. बस्स.

तुम्हाला कळलं असेल.

त्या छोट्या कामाला साठ खण लागायचे. माझ्या नव्या शिस्तीनंतर त्याच्या हाती येत होते जेमतेम तीस. म्हणजे काय व्हायचं? एक पान आत यायचं, त्यासाठी दुसरं बाहेर जायचं, आणि जे बाहेर गेलं तेच पुढच्या क्षणी हवं असायचं. मग ते आत, आणखी एक बाहेर. तासभर नुसती धावाधाव, आणि काम काडीचंही नाही. तास संपला की आमच्या नियमानं काम तोडायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या रांगेत शेवटी टाकायचं. वर छापून यायचं, वेळ संपला.

आणि मी काय केलं? यंत्राला काम द्यायचं ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर, म्हणजे कार्डांवर; सहसा वेळ तेव्हाच संपतो जेव्हा रुग्णालयाकडून आलेल्या या पत्त्यांत एखादा पत्ता चुकीचा असतो आणि काम गोल गोल फिरत राहतं. म्हणून मी चिठ्ठी लिहिली, 'आपल्या पत्त्यांत चूक आहे. दुरुस्त करून पाठवावे.' स्वतःच्या हातानं लिहिली, सही केली. त्यांनी बिचाऱ्यांनी पत्ते पुन्हा तयार केले. त्यात दोन दिवस. पुन्हा तेच झालं. मी पुन्हा तीच चिठ्ठी पाठवली.

माझी शिस्त चुकली असेल, हे माझ्या मनाला शिवलं नाही. कसं शिवणार? दिवसभराची एकूण ये-जा निम्म्याहून खाली आली होती. त्या एकूण आकड्यात एका गरीब गिऱ्हाइकाचा एक तास बुडून गेला, दिसलाच नाही.

सहाव्या दिवशी चाचा माझ्या केंद्रावर आले. डोक्याला रुमाल, हातात जेवणाचा डबा. चाचींसाठीचा डबा होता तो, रुग्णालयाकडं जाता जाता आले होते. म्हणाले, "सोनाजी, डॉक्टरीण म्हनते कागद तुज्या मशीनीतून येऊन न्हाई राहिला. बघ ना जरा, काय तकलीफ हाय." मी त्यांना सांगितलं की तकलीफ रुग्णालयाच्या पत्त्यांत आहे, आमचं यंत्र तर कधी नव्हे इतकं छान चाललंय. आणि एवढ्यावर थांबलो नाही. मी त्यांना यंत्र दाखवायला आत नेलं. होय, मी मिरवलं. माझ्या गुरूला माझी विद्या दाखवायची होती. दोनशे छप्पन्न खण म्हणजे तुमचे फलाट समजा, म्हटलं. आलेख दाखवला, साठावरून बावीसवर आलेली रेघ दाखवली. त्यांनी ती रेघ बोटानं वरून खाली पाहिली. खूश झाले. "बराबर हाय," म्हणाले. मग त्यांनी त्यांच्या सवयीनं विचारलं, "आन सबसे देर से कौन बैठा है?"

मी हसलो. म्हटलं, चाचा, हे यंत्र आहे, इथं कुणी बसत नाही.

त्यांना वाटलं असेल की शिकलेल्या माणसाला जास्त कळतं. डबा थंड होईल म्हणून निघून गेले.

मित्रहो, एक क्षण थांबतो. पाणी पितो.

नवव्या दिवशी रुग्णालयातून तिसऱ्यांदा पत्ते आले. सोबत तिथल्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. रागाची नव्हती. तीन माणसांनी स्वतंत्रपणे तपासले आहेत, यात चूक नाही, कृपा करून आपल्या बाजूनं बघावं, एवढंच. मला राग आला. त्यांना खोटं पाडावं म्हणून मी त्या एका कामाची वेगळी मोजणी काढली. एकूण नव्हे, फक्त त्याची. कागद बाहेर आला. एका तासात पानं एक लाख चाळीस हजार वेळा आत-बाहेर, आणि गणिताची पायरी पहिलीच.

पुढचं करायला मला दहा मिनिटं लागली. मोठ्या गिऱ्हाइकाचे एकशे सत्तर खण होते, ते एकशे तीस केले. रुग्णालयाच्या कामाला त्याच्या तासापुरते साठ बांधून दिले. धरणाचं गणित चार तासांवरून पाच तासांवर गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. चाचींचं गणित बावीस मिनिटांत पुरं झालं. मी ते कागद स्वतः सायकलवर नेऊन दिले. दाराशी चाचा होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तूच केलंस ना?" त्यांना म्हणायचं होतं की तूच मदत केलीस ना. मी हो म्हटलं.

हे 'हो' मी अडीच वर्षं वागवतो आहे.

इलाज सुरू झाला. चाची घरी आल्या. काही महिने पातळ का होईना पण जेवल्या. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत त्या गेल्या. तुमच्यातले निम्मे लोक मातीला होता. मीही होतो. मी खांदा दिला, आणि त्या दिवशीही काही बोललो नाही.

तुम्ही विचाराल, नऊ दिवस आधी इलाज सुरू झाला असता तर त्या वाचल्या असत्या का? मी विचारलं आहे. त्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. गाठ मोठी होती, कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता. त्यांनी मला धीर देण्यासाठी 'फरक पडला नसता' असं म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी तसं म्हटलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी. नक्की माहीत नसेल तर तसं म्हणायची ही सवय चिठ्ठीवर सही करण्याआधी मला हवी होती.

बाहेर हिंगोलीची गाडी आली वाटतं. चाचा, तुमचा हात खिशाकडं गेला, मी पाहिलं. आज दुसरा माणूस शिट्टी वाजवील. बसा.

तर आज सकाळी. कमरुन्निसानं दार उघडलं. ही चाचांची मुलगी, तिकडं तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्यापुढंच सांगितलं, तिला बाहेर जा म्हणणारा मी कोण? कागद सोबत नेले होते, नऊ दिवसांचे. बाकी बोललो ते मला नीट आठवत नाही. मी थांबलो तेव्हा चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि कुणी उठलं नव्हतं.

कमरुन्निसा आधी बोलली. ती रडत नव्हती. म्हणाली, "ते नऊ दिवस अम्मी दवाखान्यात खिडकीजवळच्या बाकावरच बसायची. खाटेवर जा म्हटलं तरी जायची न्हाई. म्हनायची, नंबर आला तर आवाज ऐकू यायला पायजे. मी म्हटलं, अम्मी, डॉक्टरीणबाईला जाऊन विचारू का, इतकी देर काहून? तर म्हनायची, नको गं, मशीनीवर सोनाजी हाय. आपला लेकरू हाय. तो कामात असंल."

मी हे तुम्हाला का सांगतो आहे? मला शिक्षा व्हावी म्हणून नाही. शिक्षा कोण देणार, कोणत्या कलमाखाली? आमच्या केंद्रात माझी बढती झाली आहे, त्याच आलेखावर. आता देशात आणखी काँप्युटर येतील. आपल्या लेकरांपैकी काही त्यांच्यावर काम करतील, आणि त्यांच्या हातातही असे एकूण आकडे येतील, उतरत्या रेघा येतील, पेढे येतील. मी तिथं एक नवीन कागद लावला आहे. रोज दुपारी यंत्र स्वतः छापतं की या घडीला सगळ्यात जास्त वेळ कुणाचं काम खोळंबलं आहे. पहिल्यांदा ते नाव, मग बाकीचे आकडे. इंग्रजीत त्या कागदाला काहीतरी लांबलचक नाव आहे. आम्ही तिथली चार-पाच माणसं त्याला 'खाजा मियाचा कागद' म्हणतो. माझ्या सोबत्यांना वाटतं की तो मी गुरूच्या सन्मानासाठी लावला. तो सन्मान नाही. तो मला उशिरा आलेला शहाणपणा आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली.

चाचांनी छत्तीस वर्षं नोकरी केली. आधी निजामाच्या राज्यातली मोटार, मग एस.टी. त्यांच्या हातून या फाट्यावरून किती लाख माणसं गेली असतील, ते आगार व्यवस्थापक साहेब सांगतील, त्यांच्याकडं आकडे असतात. मी एवढंच सांगेन की त्यांच्या फाट्यावर कुणी विसरलं गेलं नाही. भागूबाईनंतर एकही नाही. असं माझ्याबद्दल कुणाला म्हणता येणार नाही, आणि मी ज्यांना विसरलो त्या त्यांच्याच घरच्या होत्या.

सकाळी मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. मी म्हटलं, चाचा, माफ करा. त्यावर ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण तसंच सांग अशी त्यांची अट आहे. ते म्हणाले, "माफी माज्याकडं न्हाई सोनाजी. ती तिची होती, ती घेऊन गेली. मी देतो म्हनलं तर खोटं होईल. पन तू आज तितं बोल. लोक माजी नुसती तारीफ करतील, त्यात ती कुठंच यायची न्हाई. तू बोलशील तर तिचं नाव येईल."

म्हणून मी बोललो. मदीनाबी. त्यांचं नाव मदीनाबी. त्या नऊ दिवस बसल्या होत्या.

अध्यक्षांनी पाच मिनिटांचा अर्धा तास होऊ दिला, त्यांचे आभार. ज्यांनी जागा, पाणी आणि जेवणाची व्यवस्था केली त्या सोसायटीच्या मंडळींचे आभार. खाजाचाचांना पुढचं आयुष्य निवांत लाभो. बोलताना माझ्या तोंडून काही वावगा शब्द गेला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात काही कमी पडलं असेल, तर तेवढ्यापुरती मला आपण सर्वांनी क्षमा करावी. दुसरी मी आपल्याकडं मागत नाही. ती द्यायला इथं कुणी नाही.